तीव्र केमोथेरपी आणि रुग्णाची मुखनिगा : एक ऐतिहासिक आढावा (१९४८ ते २०२०)

प्रस्तावना :

मराठीत तोंडात व्रण उठले म्हणजे ‘तोंड आले’ असे म्हणतात. जागरण, पित्त किंवा उष्णता यांमुळे तोंड येते आणि चार-आठ दिवसांत आपोआप बरे होते, असा सर्वसाधारण समज असल्याने या तक्रारीकडे फारशा गांभीर्याने पाहिले जात नाही. मात्र रक्ताच्या कर्करोगासाठी तीव्र केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत या साध्या शब्दप्रयोगाचा अर्थ पूर्णतः बदलतो. औषध सुरू झाल्यानंतर साधारणतः आठवडाभरात ओठांची आतील बाजू, गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग लालसर होतो, तेथील नाजूक आवरण सुटते आणि व्रण उघडे पडतात. पाण्याचा घोट गिळणेही कठीण होते. बोलणे कमी होत जाते. काही रुग्णांना वेदना शमविण्यासाठी मॉर्फिन द्यावे लागते. बहुधा याच दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या नीचांकावर पोहोचलेली असते. त्यामुळे तोंडातील एरवी निरुपद्रवी असणारे जंतू व्रणांतून रक्तात शिरून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. नेहमीच्या मात्रेतील केमोथेरपीमध्ये सुमारे ४० टक्के रुग्णांना, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीच्या अतितीव्र उपचारांमध्ये ७५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना हा त्रास होतो, असे सामान्यतः मानले जाते.

कर्करोगावरील औषधांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. परंतु ती औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या तोंडाची निगा कोणी, कशी आणि कोणत्या समजुतीने राखली, हा प्रश्न त्या इतिहासात बहुधा तळटीपेपुरताच उरतो. वस्तुतः औषधाची पुढील मात्रा वेळेवर देता येईल की नाही, हे अनेकदा रुग्णाच्या तोंडाच्या स्थितीवर अवलंबून राहिले आहे. या दृष्टीने मुखनिगेचा इतिहास हा केमोथेरपीच्या इतिहासाचाच एक आवश्यक भाग ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) केमोथेरपीच्या आरंभापासून रुग्णाच्या तोंडाकडे पाहण्याच्या वैद्यकीय दृष्टिकोनात झालेले बदल स्पष्ट करणे.
२) मुखस्वच्छतेच्या साधनांचा व द्रावणांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेणे.
३) या क्षेत्रातील परिचारिकांच्या संशोधनाचे महत्त्व अधोरेखित करणे.
४) मुंबई व महाराष्ट्र यांचा या इतिहासाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम स्वरूपाच्या साधनांचा आधार घेतला आहे. विवेचन कालक्रमानुसार केले आहे.

१. पूर्वपीठिका : संशयित तोंड

तोंड हे रोगाचे उगमस्थान असू शकते, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर १९०० मध्ये इंग्लंडमधील वैद्य विल्यम हंटर यांनी तोंडातील पू व घाण हे अनेक शारीरिक व्याधींचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. या विचाराचा पुढे अतिरेक झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत अनेक रोगांवर उपाय म्हणून असंख्य रुग्णांचे दात सरसकट उपटले गेले. पुराव्याअभावी हा सिद्धान्त मागे पडला आणि त्याबरोबर तोंडाच्या प्रश्नाविषयी वैद्यकात एक प्रकारची उदासीनता आली.

याच काळात रुग्णालयातील मुखस्वच्छता हे परिचारिकेचे नित्यकर्म म्हणून स्थिर झाले. बोटाला किंवा चिमट्याला गुंडाळलेला कापूस, तसेच लिंबूरस व ग्लिसरीन लावलेला बोळा ही त्याची नेहमीची साधने होती. आज परिचित असलेला ब्रशही त्या वेळी नव्हता. प्राण्यांच्या राठ केसांऐवजी नायलॉनचे तंतू वापरलेला ब्रश १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आला आणि मऊ नायलॉनचे ब्रश त्यानंतरच प्रचारात आले. पुढील काळात महत्त्वाचे ठरलेले हे स्वस्त साधन अशा रीतीने केमोथेरपीच्या जन्माच्या अगदी थोडे आधी उपलब्ध झाले होते.

२. मुंबईतील पांडुरोग आणि बोस्टनमधील औषध

तोंड आणि केमोथेरपी यांच्या संबंधाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. ब्रिटिश वैद्यक संशोधक ल्यूसी विल्स या १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापडगिरण्यांशी संबंधित गरीब कामगार स्त्रियांमध्ये गर्भारपणात आढळणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. या कामात परळच्या हाफकिन संस्थेचा त्यांना आधार होता. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो, हा निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अर्कातील अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. फॉलिक आम्लाच्या अभावी नव्या पेशी नीट तयार होत नाहीत. म्हणूनच त्याच्या तीव्र कमतरतेत रक्त कमी होते, तसेच जीभ लाल, गुळगुळीत व वेदनामय होते.

योगायोगाने १९३१ याच वर्षी सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचे ल्युकेमियाने निधन झाले. त्या वेळी जगात कोठेही या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियावरील संशोधनासाठी न्यास स्थापन झाला आणि पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनी १९४२ मध्ये नायट्रोजन मस्टर्डचा प्रयोग लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर केला. युद्धकालीन गुप्ततेमुळे तो १९४६ मध्ये जाहीर झाला. मात्र मुखनिगेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना त्यानंतरची आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्लाचे संश्लेषण झाले आणि त्याला विरोध करणारी संयुगेही तयार करण्यात आली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये तात्पुरती सुधारणा झाल्याची नोंद होती. त्याबरोबरच औषधाची विषारी बाजूही पुढे आली आणि तोंडातील व्रण हा तिचा ठळक भाग होता.

या दोन घटनांचा परस्परसंबंध लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईतील स्त्रियांच्या शरीरात ज्या द्रव्याची उणीव होती, तीच उणीव बोस्टनमध्ये औषधाद्वारे मुद्दाम निर्माण केली जात होती. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागतात म्हणून त्या या उणिवेला बळी पडतात. तोंडाचे अस्तर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत नव्याने तयार होत असते. त्यामुळे तेही याच माऱ्यात सापडते. औषधाला कर्करोगाची पेशी आणि गालाच्या आतील पेशी यांत भेद करता येत नाही, हे रुग्णाच्या तोंडाने सर्वप्रथम दाखवून दिले.

३. पहिली अवस्था : तोंड हे मात्रेचे मोजमाप (१९४८ ते १९६५)

आरंभीच्या काळात तोंडातील व्रणांना डॉक्टरांच्या दृष्टीने एक वेगळाच उपयोग होता. मेथोट्रेक्सेट आणि १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांनी पुढे आणलेले ५-फ्लुरोयुरॅसिल या औषधांची मात्रा ठरविताना विषारी परिणामांची चिन्हे दिसेपर्यंत औषध देण्याची रीत होती. तोंड येणे हे त्यांपैकी सहज दिसणारे चिन्ह होते. रुग्णाचे तोंड आले म्हणजे औषध पुरेसे पोहोचले, आता थांबावे, असा त्याचा अर्थ लावला जाई. व्रणांकडे या काळात प्रामुख्याने मोजमाप म्हणून पाहिले गेले. त्यांचे निवारण हा स्वतंत्र प्रश्न म्हणून मांडला गेला नाही. मेथोट्रेक्सेटचा परिणाम रोखण्यासाठी फॉलिनिक आम्ल देण्याची पद्धत विकसित झाली, हा या काळातील एक अपवाद म्हणता येईल.

४. दुसरी अवस्था : तोंड हे जंतुसंसर्गाचे द्वार (१९६६ ते १९८७)

१९६० च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली आणि उपचारांची तीव्रता वाढली. रुग्ण आता केवळ कर्करोगाने दगावत नव्हते. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव ही मृत्यूची प्रमुख कारणे बनली होती. जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांतील पांढऱ्या पेशींची संख्या आणि संसर्ग यांतील संबंध आकडेवारीने मांडला. पेशी जितक्या कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका अधिक, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९८० च्या दशकात तोंडात नेहमी वास करणारे स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू अशा रुग्णांच्या रक्तात वाढत्या प्रमाणात आढळू लागले आणि तोंड हे संसर्गाचे द्वार असल्याची जाणीव अधिक दृढ झाली.

या जाणिवेचे दोन परस्परविरोधी परिणाम झाले. एकीकडे प्रभावी जंतुनाशकाचा शोध सुरू झाला. हेरॉल्ड ल्यू व त्यांचे सहकारी शियॉट यांनी १९७० मध्ये क्लोरहेक्सिडीनच्या ०.२ टक्के द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास दातांवरील जंतूंचा थर रोखता येतो, असे निरोगी व्यक्तींमध्ये दाखवून दिले होते. साहजिकच हे द्रावण कर्करोग विभागांतही पोहोचले. दुसरीकडे, ब्रशमुळे हिरड्यांतून रक्त येईल आणि जंतू रक्तात जातील या भीतीने, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स कमी झाल्यावर अनेक ठिकाणी ब्रश बंद करून त्याऐवजी स्पंज लावलेली काडी किंवा कापसाचा बोळा वापरण्यास सांगितले जाऊ लागले. परिणामी तोंडाला स्वच्छतेची सर्वाधिक गरज असलेल्या दिवसांतच दातांवरील थर तसाच राहू लागला. स्पंजच्या काडीने ओठ व जीभ ओलसर ठेवता येतात. परंतु दातांवरील थर काढण्यात ती ब्रशची बरोबरी करू शकत नाही, हे पुढील तुलनांत दिसून आले. लिंबूरस-ग्लिसरीनच्या बोळ्यांविषयीही अशीच फेरतपासणी झाली. लिंबातील आम्ल व्रणांना झोंबते व दातांना अपायकारक ठरते, तर ग्लिसरीनने तोंड कोरडे पडते, हे लक्षात येऊन ही जुनी रीत हळूहळू मागे पडली.

५. तिसरी अवस्था : परिचारिकांचे संशोधन आणि नियमित निगा (१९७९ ते २०००)

तोंडाकडे निगेचा स्वतंत्र विषय म्हणून पाहण्याचे श्रेय प्रामुख्याने परिचारिका-संशोधकांकडे जाते. सुझन बेक यांनी १९७९ मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांत पद्धतशीर मुखनिगेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते द्रावण वापरावे, या प्रश्नाबरोबरच निगा किती नियमाने घेतली जाते, हा प्रश्न येथे प्रथमच ठळकपणे पुढे आला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगोपचारांच्या दुष्परिणामांची शून्य ते चार अशी श्रेणी प्रसिद्ध केली. तीत तोंडाच्या स्थितीचाही समावेश होता.

मात्र ही श्रेणी डॉक्टरांच्या अहवालासाठी होती. खाटेजवळ दररोज वापरता येईल असे साधन १९८८ मध्ये जून आयलर्स व त्यांच्या सहकारी परिचारिकांनी अमेरिकेतील नेब्रास्का येथे तयार केले. त्यात आवाज, गिळणे, ओठ, जीभ, लाळ, तोंडाचे अस्तर, हिरड्या आणि दात अथवा कवळी अशा आठ बाबी असून प्रत्येकीला एक ते तीन गुण दिले जातात. सर्व ठीक असल्यास बेरीज आठ येते, तर अत्यंत बिकट स्थितीत ती चोवीसपर्यंत जाते. या साधनाचे महत्त्व त्याच्या साधेपणात आहे. ‘तोंड बरे दिसत नाही’ या मोघम शेऱ्याच्या जागी काल दहा आणि आज चौदा अशी नोंद आली. नोंद आल्यामुळे बिघाड लवकर कळू लागला आणि एका पाळीतील परिचारिकेचे निरीक्षण दुसऱ्या पाळीपर्यंत न हरवता पोहोचू लागले.

एप्रिल १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कर्करोगोपचारांमुळे तोंडात होणाऱ्या गुंतागुंतीवर तज्ज्ञांची परिषद घेतली. उपचार सुरू करण्यापूर्वीच रुग्णाच्या तोंडाची व दातांची तपासणी व्हावी, हा तिचा महत्त्वाचा आग्रह होता. किडलेला दात किंवा बोचणारी कवळी यांचा बंदोबस्त पांढऱ्या पेशी उतरण्यापूर्वी करणे शक्य असते. त्यानंतर तो धोक्याचा ठरतो.

ब्रशविषयीच्या भीतीचीही या दशकात परीक्षा झाली. १९९४ मध्ये बोरोव्स्की व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांत मर्यादित व सखोल अशा दोन प्रकारच्या दंतनिगेची तुलना प्रसिद्ध केली. ब्रशचा समावेश असलेल्या सखोल निगेने तोंडातील दाह काही प्रमाणात कमी झाला आणि रक्तातील संसर्ग मात्र वाढला नाही. ब्रश सरसकट बंद करण्याच्या रीतीला यामुळे धक्का बसला. पुढील मार्गदर्शनात अत्यंत मऊ ब्रशने दात घासणे शक्यतो चालू ठेवावे आणि रक्त थांबत नसल्यास किंवा वेदना असह्य असल्यास वैद्यकीय सल्ल्याने त्यात बदल करावा, अशी भूमिका घेतली गेली.

द्रावणांच्या बाबतीतील निर्णायक काम मेरिलिन डॉड या परिचारिका-संशोधिकेने सॅन फ्रान्सिस्को येथे केले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सर्व रुग्णांना मुखनिगेचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. एका गटाला क्लोरहेक्सिडीन, तर दुसऱ्याला निर्जंतुक पाणी दिले गेले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तोंड येण्याचे प्रमाण दोन्हींत आधी गृहीत धरल्यापेक्षा कमी राहिले. २००० मधील दुसऱ्या चाचणीत मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी, क्लोरहेक्सिडीन आणि ‘जादूची गुळणी’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले वेदनाशामक मिश्रण यांची तुलना करण्यात आली. व्रण बरे होण्यास लागणाऱ्या कालावधीत तिन्हींमध्ये लक्षणीय फरक नव्हता. साहजिकच मीठ-सोड्याचे पाणी सर्वांत स्वस्त म्हणून श्रेयस्कर ठरले.

६. बर्फाचा तुकडा आणि नवे मार्गदर्शन (१९९१ ते २०२०)

याच काळात एक अत्यंत साधा उपाय सिद्ध झाला. ५-फ्लुरोयुरॅसिल शिरेतून एकदम दिल्यावर ते रक्तात थोडाच वेळ टिकते. त्या वेळेपुरत्या तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचित ठेवल्यास तेथे औषध कमी पोहोचेल, या तर्काने औषध देण्यापूर्वी पाच मिनिटांपासून एकूण तीस मिनिटे रुग्णांना तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगण्यात आले. १९९१ मध्ये महूड व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत तोंड येण्याचे प्रमाण घटले. पुढे प्रत्यारोपणापूर्वी दिल्या जाणाऱ्या मेल्फलन या औषधाबाबतही हा उपाय उपयुक्त ठरला. तथापि शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांच्या बाबतीत या तर्काची मर्यादा उघड आहे.

२००४ हे वर्ष तीन कारणांनी महत्त्वाचे आहे. बोस्टनमधील स्टीफन सोनिस यांनी तोंडातील दाहाचे पाच टप्प्यांचे प्रारूप मांडले आणि पृष्ठभागावर व्रण दिसण्याच्या बऱ्याच आधी खालच्या थरांत बिघाड सुरू झालेला असतो, हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कर्करोगातील पूरक उपचारांसाठी कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तोंडातील दाहाविषयीचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. तसेच पॅलिफर्मिन या पेशीवर्धक औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे मार्गदर्शन २००७, २०१४ व २०२० मध्ये सुधारण्यात आले. प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी विशिष्ट प्रकाशकिरणांच्या उपचाराची शिफारस त्यात समाविष्ट झाली. नव्या उपायांची भर पडत गेली तरी मूलभूत मुखनिगेचे स्थान कायम राहिले. मीठ वा सोड्याच्या पाण्याविषयी परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित असला, तरी तोंड स्वच्छ व ओलसर ठेवण्यासाठी ते उपयुक्त मानले गेले.

७. महाराष्ट्राचा संदर्भ

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. अतितीव्र उपचारांबरोबर मुखनिगेचा प्रश्नही येथे तितक्याच निकडीचा झाला. महाराष्ट्रातील परिस्थितीची काही वैशिष्ट्ये आहेत. ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय आहे. राखुंडी, खरखरीत दंतमंजन, कडुनिंब किंवा बाभळीची काडी यांचाही वापर होतो. मिश्री एरवीही घातक आहे. केमोथेरपीच्या काळात तर खरखरीत पूड व टणक काडी हीदेखील इजा करू शकतात. ‘दात रोज घासता का?’ या प्रश्नाला मिळणारे होकारार्थी उत्तर म्हणूनच पुरेसे ठरत नाही. कशाने घासता, हेही विचारावे लागते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे खाटेजवळची निगा येथे मोठ्या प्रमाणात रुग्णाची आई, पत्नी, भाऊ किंवा मुलगा करीत असतो. मीठ, सोडा व मऊ ब्रश यांचा खर्च अत्यल्प आहे. परंतु दिवसातून चार-सहा वेळा रुग्णाला उठवून बसविणे, वेदनेमुळे नको म्हणणाऱ्याला समजावणे, चूळ भरून घेणे आणि तोंडात डोकावून पाहणे यासाठी लागणारा वेळ व संयम यांची किंमत औषधांच्या बिलात दिसत नाही.

निष्कर्ष :

१) १९४८ नंतर रुग्णाचे तोंड प्रथम औषधाच्या मात्रेचे मोजमाप, नंतर जंतुसंसर्गाचे द्वार आणि अखेरीस निगेचा स्वतंत्र विषय अशा क्रमाने वैद्यकाच्या दृष्टीस आले.
२) लिंबूरस-ग्लिसरीन, ब्रशबंदी आणि सर्वांसाठी क्लोरहेक्सिडीन या रीती तर्काला पटणाऱ्या असूनही तपासणीत टिकल्या नाहीत.
३) कोणते द्रावण वापरले, यापेक्षा निगा किती नियमित होती, याला अधिक महत्त्व असल्याचे परिचारिकांच्या संशोधनातून पुढे आले.
४) उपचारपूर्व दंततपासणी, मऊ ब्रश, साधी चूळ आणि दैनंदिन नोंद ही साधने अल्पखर्चिक असल्याने साधारण रुग्णालयांतही वापरता येण्याजोगी आहेत.

समारोप :

फार्बर यांच्या १६ मुलांपासून आजच्या प्रत्यारोपण कक्षापर्यंत औषधे अनेक पटींनी प्रभावी झाली. रुग्णाच्या तोंडाबाबतची प्रगती मात्र संथ गतीने झाली. तिचा मोठा भाग नव्या द्रव्याच्या शोधातून आलेला नाही. खाटेजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीने दररोज तोंड पाहिले, स्वच्छ केले आणि पाहिलेले लिहून ठेवले, यातून तो आला आहे. तीव्र केमोथेरपीच्या यशाची गणना करताना या श्रमाची नोंद घेणे इतिहासदृष्ट्या आवश्यक आहे. परिचारिकांची पुरेशी संख्या आणि नातेवाइकांना त्यांच्या भाषेत दिलेले मुखनिगेचे शिक्षण यांशिवाय मीठ-सोड्याचे स्वस्त पाणीही रुग्णाच्या तोंडापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, हे या आढाव्यातून दिसून येते.